एक जुलैच्या चार ओळी

नागपूरला मी ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायचे. लग्नानंतर अमेरिकेत, सिॲटलजवळच्या बेलव्ह्यूला आले आणि पुढची सहा वर्षं काहीच शिकवलं नाही, कारण माझ्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. नवऱ्याच्या कागदाला टाचलेला माझा कागद. कुणाकडे जेवायला गेलो आणि कुणी विचारलं, "आणि तुम्ही काय करता?" तर मी म्हणायचे, "सध्या काही नाही," आणि विचारणारी बाई समजूतदारपणे विषय बदलायची. त्या समजूतदारपणाचा मला फार राग यायचा. शेवटी वर्क परमिट हातात आलं तेव्हा मी अडतीस वर्षांची होते आणि इतिहासाच्या एम.ए.ला या गावात कुणी कुत्रं विचारत नव्हतं. इथे अर्धे लोक कोड लिहितात आणि उरलेले त्यांना मॅनेज करतात.

तरीही एक काम मिळालं. एका कंपनीचं ॲप होतं. सकाळी फोन उघडला की हवामान, रस्त्यावरची गर्दी आणि त्याखाली एक छोटं कार्ड: आजच्या तारखेला इतिहासात काय घडलं. प्रत्येक देशाचं वेगळं कार्ड, प्रत्येक कार्डावर चार ओळी. अमेरिकेची कार्डं आधीच वाटून झाली होती. मला कॅनडा मिळाला, आणि एका वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट.

कॅनडाबद्दल मला काय माहीत होतं? आमच्या गावापासून गाडीने दोन-अडीच तासांवर सीमा लागते, तिकडे थंडी असते, आणि ग्रीन कार्डची रांग सहन झाली नाही की लोक तिकडे जातात. एवढंच. मी लायब्ररीतून पुस्तकं आणायला लागले. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग त्या पुस्तकांनी भरला. नवरा ताट घेऊन सोफ्यावर बसायचा आणि म्हणायचा, "तू परत बाई झालीस." त्याचा अर्थ कॉलेजातली बाई. मला ते आवडायचं.

माझा मॅनेजर पुण्याचा होता. पहिल्याच दिवशी माझं आडनाव वाचून मराठीत बोलायला लागला, "अरे वा, आपलं माणूस." त्याने मधली नऊ वर्षं टोरोंटोत काढली होती, तिथलं नागरिकत्व घेतलं होतं, आणि मग चांगल्या नोकरीसाठी इकडे खाली आला होता. कॅनडाची कार्डं त्याच्याकडे असण्याचं कारण तेच. माणूस वाईट नव्हता. माझी मुलाखत त्यानेच घेतली, सहा वर्षांच्या रिकाम्या जागेबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. हे मी विसरलेले नाही. विसरले असते तर चिडणं सोपं गेलं असतं.

मी लिहिलेलं प्रत्येक कार्ड तपासायला व्हँकुव्हरमध्ये एक बाई होत्या. वय सत्तरच्या आसपास, शाळेतून निवृत्त झालेल्या, चिनी वंशाच्या, पण जन्म व्हँकुव्हरचाच. आठवड्यातून दोनदा आमचा फोन व्हायचा. त्या कमी बोलायच्या आणि एकही चूक सोडायच्या नाहीत. मी एकदा एका लढाईच्या ओळीत "शूर" हा शब्द घातला होता. त्या म्हणाल्या, "दोन्ही बाजूंचे शूर होते का?" मी तो शब्द काढला. आमच्या सिस्टिममध्ये लिहिणाऱ्याने एका चौकोनात खूण करायची, तपासणाऱ्याने दुसऱ्या. दोन खुणा झाल्याशिवाय कार्ड पुढे जात नसे.

एप्रिलमध्ये मी एक जुलैवर आले. कॅनडात तो राष्ट्रीय दिवस, सुट्टी, आतषबाजी. मी दोन आठवडे त्या एका तारखेवर घालवले, कारण जितकं खणावं तितकं ते खोल जात होतं. पहिली ओळ उघडच होती: १८६७ साली याच दिवशी वसाहती एकत्र येऊन कॅनडा झाला. दुसरी ओळ १९१६ची. न्यूफाउंडलंड तेव्हा कॅनडात नव्हतंच, वेगळी वसाहत होती. तिथल्या पोरांची एक पलटण फ्रान्समध्ये एक जुलैच्या सकाळी खंदकातून वर चढली. आठशेच्या आसपास होते. दुसऱ्या दिवशी हजेरी घेतली तेव्हा अडुसष्ट जणांनी ओ दिली. आजही तिथे एक जुलैच्या सकाळी लोक छातीला छोटी निळी फुलं लावून मेलेल्यांसाठी उभे राहतात, आणि कॅनडाचा वाढदिवस दुपारनंतर करतात.

तिसरी ओळ १९२३ची. त्या वर्षी एक जुलैला एक कायदा लागू झाला आणि चिनी माणसांना कॅनडाचं दार जवळपास पूर्ण बंद झालं. त्याआधी येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर डोईपट्टी होती. ती भरूनही लोक यायचे, म्हणून मग दारच लावलं. आत होते त्यांना नाव नोंदवायला लावलं, कॅनडात जन्मलेल्या तान्ह्या मुलांनासुद्धा. चोवीस वर्षं तो कायदा होता. देशाच्या वाढदिवशी तो लागू झाला म्हणून तिथले चिनी लोक त्या दिवसाला अपमानाचा दिवस म्हणायचे. चौथी ओळ १९८०ची, राष्ट्रगीत अधिकृत झालं त्याची.

चार ओळी जुळल्या तेव्हा मला वाटलं, हे माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम आहे. एकाच तारखेत एक देश जन्मतो, एक पलटण संपते, एक दार बंद होतं आणि एक गाणं लागतं. वर्गात असते तर अख्खा तास यावर घेतला असता.

तपासणाऱ्या बाईंना कार्ड पाठवलं. फोनवर त्यांनी चारही ओळी मोठ्याने वाचल्या. मग म्हणाल्या, "तिसरी ओळ बरोबर आहे."

"काही बदल?"

"नाही." मग त्या पुढे बोलायला लागल्या. आमचं बोलणं इंग्रजीतच चालायचं. "माझे आजोबा व्हँकुव्हरमध्ये लाँड्री चालवायचे. चीनला गावी जाऊन लग्न करून आले, बायकोला पुढच्या वर्षी आणू म्हणाले. पुढच्या वर्षी हा कायदा आला. मधे एकदा ते गावी गेले, तेव्हा माझे वडील झाले. कायदा उठल्यावर आजी शेवटी बोटीतून उतरली तेव्हा आजोबा धक्क्यावर उभे होते. तिला म्हणाले, बाई, जरा बाजूला व्हा, मला माझी बायको दिसत नाहीये."

मग त्या म्हणाल्या, "आमच्याकडे एक जुलैला लाँड्री बंद असायची आणि पडदे ओढलेले असायचे. मी लहानपणी समजायचे की सगळ्यांकडे तसंच असतं." आणि त्यांनी त्यांच्या चौकोनात खूण केली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मला खोलीत बोलावलं. समोर स्क्रीनवर माझं कार्ड होतं.

"रिसर्च मस्त आहे," तो म्हणाला. "पण थर्ड लाइन आपण रिप्लेस करू."

"का?"

"अगं, वाढदिवस आहे तो. वाढदिवसाला कोण मयताच्या गोष्टी काढतं? टोन सेलिब्रेटरी हवा. मी एक ऑप्शन टाकलाय बघ."

त्याचा ऑप्शन असा होता: १९६७ साली देशाच्या शंभराव्या वाढदिवशी इंग्लंडच्या राणीने संसदेसमोर भला मोठा केक कापला.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग म्हटलं, "कायद्याच्या जागी केक?"

"लोकांना आवडेल. फोटो पण आहे."

"आणि पलटणीची ओळ ठेवलीस. ते मयत नाही का?"

"ते सॅक्रिफाइस आहे, यार. ते वेगळं."

मी शिकवणारी बाई आहे, माझा आवाज चढला की मागच्या बाकापर्यंत जातो. तो मी चढू दिला नाही. मी म्हटलं की देशाने मेलेले सैनिक मिरवायचे आणि देशाने छळलेली माणसं झाकायची, याला इतिहास म्हणत नाहीत. तो खुर्चीत मागे रेलला.

"हे बघ. इंडियातून निघालो तेव्हा माझ्याकडे काय होतं? त्या देशाने मला पासपोर्ट दिला. त्यांच्या बर्थडेला मी त्यांचीच उणीदुणी काढू? मला ते पटत नाही. आणि तू तर तिथे राहिलेलीसुद्धा नाहीस."

हे तो मनापासून बोलत होता. मला त्याचाच जास्त संताप आला. उपकाराखाली दबलेला माणूस हिशेबात किती सोयीचा असतो. त्याला काही सांगावं लागत नाही, घरमालकाच्या आधी तोच धावत जाऊन पडदे ओढतो. ज्यांना त्या दारातून आत घेतलं नाही, त्यांच्या नातवंडांसमोर हा दारातून आत घेतल्याचे आभार मानत होता. मी हे सगळं मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "बरं, मग निदान एक कर. त्या दिवशी स्क्रीनवर सगळ्या कार्डांवर रंगीत कागदांचा पाऊस पडणार आहे ना? पलटणीच्या ओळीवर तो पडू देऊ नकोस. न्यूफाउंडलंडमध्ये सकाळी शोक असतो."

"डिझाइनला सांगतो."

जागेवर येऊन मी तेच मेलमध्येही लिहून पाठवलं. कॉलेजात प्राचार्यांशी भांडणं झाली की लेखी ठेवायची सवय होती.

संध्याकाळी व्हँकुव्हरच्या बाईंना फोन केला. ओळ बदलली हे माझ्या तोंडून त्यांना कळावं असं वाटलं. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच मला ऐकवेना. "केक चॉकलेटचा होता का?" त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "या कार्डावर मी खूण करणार नाही. तू तुझ्या माणसाला सांग."

मी माझ्या माणसाला, म्हणजे मॅनेजरला, सांगितलं. तो वैतागला. कार्डं महिन्याच्या शेवटी पुढे जायची होती. "ठीक आहे," तो म्हणाला, "तूच रिव्ह्यूअर म्हणून साइन कर. तुझी हिस्टरीची डिग्री आहे, सिस्टिम अलाउ करते. लिहिणाऱ्यात मी माझं नाव टाकतो."

"मी विचार करते."

"विचार काय करायचाय त्यात? आणि हो, तुझं कॉन्ट्रॅक्ट फुल-टाइम करायचं मी बोललोय वर."

त्याने ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली. धमकी नव्हती. धमकी असती तर मी नकार दिला असता, असं मला वाटतं. निदान वाटून घेते.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "ॲपमधल्या चार ओळी आहेत. कोण वाचतं? करून टाक आणि विसर." मी त्याच्यावर इतकी ओरडले की तो ताट उचलून आतल्या खोलीत गेला. त्याची चूक एवढीच होती की मला जे ऐकायचं होतं ते तो बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या चौकोनात खूण केली. सहा वर्षं "सध्या काही नाही" म्हणून काढली होती. मला परत त्या वाक्यावर जायचं नव्हतं. हे कारण मी नंतर अनेकदा स्वतःला सांगून बघितलं. दरवेळी ते खरं असतं आणि दरवेळी त्याने काही भागत नाही.

एक जुलैला इथे सुट्टी नसते. मी ऑफिसला पोचले तेव्हा न्यूफाउंडलंडमध्ये दुपार झाली होती आणि आमच्या टीमच्या इनबॉक्समध्ये तक्रारींचा ढीग लागला होता. तिथल्या लोकांनी सकाळी फोन उघडला होता, स्मारकाकडे निघायच्या आधी. स्क्रीनवर ओळ होती, आठशेतले अडुसष्ट उरल्याची, आणि त्यावर लाल-पांढऱ्या कागदांचे तुकडे भिरभिरत खाली येत होते. वर लिहिलेलं, "वाढदिवसाच्या शुभेच्छा." एका बाईने लिहिलं होतं की तिच्या आजीचे दोन भाऊ त्या अडुसष्टात नव्हते. एवढंच. शिवी नाही, काही नाही. ती मेल वाचून मी टॉयलेटमध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

दोन दिवसांनी मीटिंग झाली. चूक कशी झाली याचा एक अहवाल मॅनेजरने तयार केला होता. वरचे तीन लोक व्हिडिओवर होते. त्याने अहवाल वाचला, आणि त्यात एक ओळ होती: "स्थानिक शोकदिनाची बाब रिव्ह्यूअरच्या लक्षात आली नाही."

रिव्ह्यूअर म्हणजे मी. व्हँकुव्हरच्या बाईंनी न केलेली खूण मी केली होती ना.

मी म्हटलं, "एक मिनिट." एप्रिलमधली माझी मेल उघडली आणि मोठ्याने वाचली, तारखेसकट. मग कार्डातून कुठली ओळ काढली आणि तिच्या जागी काय घातलं तेही सांगितलं. मूळ तपासनिसांनी सही का नाकारली तेही सांगितलं, फक्त त्यांच्या आजीची गोष्ट सांगितली नाही. ती त्यांची होती. आवाज चढलेला होता, या वेळी मी तो अडवला नाही. मॅनेजर टेबलाकडे बघत होता. व्हिडिओवरची एक बाई फार गोड आवाजात म्हणाली, "हे मांडल्याबद्दल थँक यू. आपण यावर नक्की ॲक्शन घेऊ."

ॲक्शन घेतली. पुढच्या आठवड्यात नवीन नियम आला: राष्ट्रीय सणांच्या दिवशी कुठल्याही संवेदनशील घटनेचा उल्लेख करायचा नाही. एक जुलैच्या कार्डावरून पलटणीची ओळ गेली. उरल्या तीन: देश झाला, केक कापला, गाणं लागलं. मी भांडून हे मिळवलं. आधी चिनी माणसं गेली होती, माझ्या भांडणाने मेलेली पोरंही गेली.

मी परत मेल लिहिली. नियम चुकीचा आहे, कागदांचा पाऊस काढा, माणसं काढू नका, असं लिहिलं. उत्तर आलं नाही. मॅनेजर माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागला. मराठी त्याने परत घेतली, दिलेली वस्तू परत घ्यावी तशी. एकदा लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो, तेव्हा मात्र म्हणाला, "तू मला सगळ्यांसमोर उघडं पाडलंस."

"तू मला अहवालात लेखी पाडलंस," मी म्हटलं.

तो त्याच्या मजल्याच्या आधीच उतरला.

सप्टेंबरात कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि पुढे वाढवलं नाही. कारण बजेटचं दिलं. टेबलावरची पुस्तकं लायब्ररीत परत केली आणि नवरा परत टेबलावर जेवायला लागला. आता मी एका शाळेनंतरच्या क्लासमध्ये मुलांना वाचन शिकवते, आठवड्याला बारा तास. कुणी विचारलं तर तेच सांगते. राग गेला असं कुणी समजू नये. हल्ली मी कुठलंही "आजच्या दिवशी" वाचलं की पहिला विचार मनात येतो, यातून काय काढलं असेल, आणि कुणी खूण केली असेल.

ऑक्टोबरमध्ये व्हँकुव्हरच्या बाई सिॲटलला बहिणीकडे आल्या होत्या. एक दिवस बस पकडून बेलव्ह्यूला माझ्याकडे आल्या. वर्षभर फक्त आवाज ऐकला होता. बाई ठेंगण्या निघाल्या, पाठीवर सॅक, पायात चालायचे बूट. त्यांना काय खायला घालावं कळेना, म्हणून जे रोज करते तेच केलं, पिठलं आणि भात, बाजूला ठेचा. त्यांनी ठेचा आधी जिभेला लावून पाहिला आणि मग सरळ पिठल्यात कालवला.

जेवता जेवता मी त्यांना नियमाचं सांगितलं, तीन ओळींचं सांगितलं. त्या मान हलवत ऐकत होत्या. मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो मी एप्रिलपासून टाळत होते.

"तू सही का केलीस?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"काम जाईल याची."

"आणि गेलं?"

"गेलं."

त्या हसल्या नाहीत. "चिडलीस का?" त्यांनी विचारलं.

"त्याच्यावर. आणि स्वतःवर जास्त."

"माझे आजोबा सरकारवर कधीच चिडले नाहीत," त्या म्हणाल्या. "आजीवर चिडायचे. ती म्हातारी का दिसते म्हणून." त्यांनी पातेल्याकडे बोट दाखवलं. मी त्यांना आणखी पिठलं वाढलं. माझ्या जागी त्या असत्या तर त्यांनी खूण केली असती का, हे मी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. बसची वेळ झाली तेव्हा मी त्यांना स्टॉपपर्यंत सोडायला गेले.